दारू पोटात जाते, पत्ते कुठे जातात?

पाथर्डी फाटा | सोमवार, रात्री ११:४८

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचत आलोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

बाबा अंबडला एका कारखान्यात फिटर होते. पावणेसहाला घरी यायचे, हातपाय धुवून चहाला बसायचे. बशीत चहा ओतताना कपाची कड बशीवर वाजायची. टिक टिक टिक. आई आतून तो आवाज ऐकायची आणि बोलायची थांबायची. सातच्या सुमाराला शर्ट चढवून बाबा निघायचे. निघण्याआधीच्या त्या दहा मिनिटांतली त्यांची नजर मला अजून जशीच्या तशी आठवते. आमच्याकडे बघायचे, पण आम्ही त्यांना दिसत नसायचो. २०११ ला गेले. लिव्हर.

धाकटा भाऊ दारूला शिवत नाही. चौथीत असताना त्याने आईच्या गळ्याची शपथ घेतली होती, ती आजतागायत पाळली. कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे, बरा कमावतो, बायको आहे, तीन वर्षांची मुलगी आहे. लॉकडाउनमध्ये मोबाइलवरच्या रमीचा नाद लागला. आधी पन्नास रुपये, मग पाचशे, मग अख्खा पगार. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा आणला, तेव्हा घरात आम्ही देवापुढे साखर ठेवली. महिनाभरात कुणीतरी त्याला बाहेरच्या देशातली लिंक दिली. दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या पाटावर ठेवायला म्हणून त्याच्या बायकोने डबा उघडला, तर पाटल्या नाहीत. मग एकेक बाहेर आलं. सगळं मिळून चार लाख ऐंशी हजार.

त्या रात्री तो गॅलरीत बसला होता. फोन मी काढून घेतला होता. तरी त्याचा उजवा अंगठा तर्जनीच्या कडेवरून सरकत होता, पत्ता उचलावा आणि टाकावा तसा. त्याला ते कळतही नव्हतं. मी हाक मारली, त्याने मान वर केली आणि मला बाबा दिसले. तीच नजर.

माझे प्रश्न दोन. दारू पोटात जाते, रक्तातून डोक्यात चढते, हे मला समजतं. रमी खेळताना पोटात काय जातं? काहीच नाही. मग नजर तीच कशी? आणि दुसरं, तो म्हणतो, "दादा, आता त्यात मजा पण येत नाही रे. तरी उघडतो." काका म्हणतात हे शुद्ध नाटक आहे. मजा येत नसेल तर माणूस खेळेल कशाला?

---

आजचा दिवस | मंगळवार, सकाळी ६:२०

तुमच्या घरात बशी वाजायची तशी माझ्याही घरात वाजायची. वाजवणारा मी होतो. नऊ वर्षं झाली सोबर आहे. तुमच्या भावाचं वाक्य नाटक नाही एवढं छातीठोकपणे सांगतो. शेवटची दोन वर्षं मला दारूची मजा म्हणून काही आलेलीच नाही. संध्याकाळी सविस्तर लिहितो, आता कामावर निघालोय.

---

निशिगंध | मंगळवार, दुपारी २:०५

पाथर्डी फाटा, मी मानसोपचारात आहे, व्यसनाचे पेशंट रोज बघते. तुमचे दोन्ही प्रश्न फार नेमके आहेत. घाई न करता लिहिते.

पहिला प्रश्न. १९५४ साली कॅनडात, मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात, जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर या दोघांनी उंदरांच्या मेंदूत खोलवर एक बारीक तार बसवली. पिंजऱ्यात एक कळ होती. कळ दाबली की तारेतून क्षणभर सौम्य वीज. उंदीर ती कळ तासाला शेकडो वेळा दाबू लागले. त्या उंदरांच्या पोटात काही जात नव्हतं, रक्तातही काही नव्हतं. मेंदूतल्या एका वाटेला धक्का बसत होता, तेवढंच त्यांना पुरलं.

ती वाट आपल्या सगळ्यांच्या डोक्यात आहे. मेंदूच्या मधोमध, तळाशी, पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तिथून तंतू निघून पुढे न्यूक्लियस अक्युम्बन्स नावाच्या केंद्रात जातात आणि कपाळामागच्या भागातही पोचतात. त्या तंतूंतून सुटणारं रसायन म्हणजे डोपामिन. भूक लागल्यावर अन्नाकडे, लेकराच्या आवाजाकडे, आवडत्या माणसाकडे आपल्याला ओढून नेणारी ही वाट. निकोटिन, दारू, गर्द, एमडी (मेफेड्रोन नावाची नशेची पावडर) या सगळ्यांचे मेंदूत घुसायचे दरवाजे वेगवेगळे आहेत, पण पुढे ते याच वाटेला लागतात. पत्त्यांना दरवाजा लागत नाही, ते डोळ्यांतून थेट याच वाटेवर उतरतात.

पुरावा हवा असेल तर कंपवाताचे पेशंट बघा. कंपवातात डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरतात, म्हणून काही जणांना डोपामिनसारखं काम करणारं औषध देतात. त्यातल्या थोड्या लोकांना, ज्यांनी आयुष्यात कधी पत्त्याला हात लावला नाही अशांना, औषध सुरू झाल्यावर जुगाराचा किंवा खरेदीचा अनावर नाद लागतो. डॉक्टरांनी औषध कमी केलं की बहुतेकांचा तो ओसरतो. साठीच्या, शिस्तीत आयुष्य काढलेल्या माणसाचे संस्कार एका गोळीने बदलले असं कुणी म्हणणार नाही. (कुणाच्या घरी हे औषध चालू असेल तर मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.)

आता काकांचा मुद्दा, मजा येत नसेल तर खेळेल कशाला. डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, ते चुकीचं आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांच्या डोपामिन पेशींची नोंद घेतली. माकडाला अचानक रस मिळाला की पेशी उसळायच्या. रसाआधी रोज दिवा लागायला लागला तेव्हा काही दिवसांनी पेशी दिव्यालाच उसळू लागल्या, प्रत्यक्ष रस आला तरी गप्प. दिवा लागून रस आला नाही, तर त्या नेहमीपेक्षाही खाली जायच्या. म्हणजे हे रसायन चव सांगत नाही. "आता काहीतरी येणार, ऊठ, धाव" एवढंच ते सांगतं.

मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी हे आणखी उलगडलं. त्यांनी काही उंदरांचं डोपामिन जवळजवळ संपवलं. ते उंदीर समोरचं खाणंही तोंडात घेईनात, उपाशी मेले असते. पण त्यांच्या जिभेवर साखरेचा थेंब ठेवला की ओठ चाटायचे, नेहमीसारखेच. गोडी शाबूत होती, ओढ गेली होती. व्यसनात याच्या उलट होतं. गोडी उडते आणि ओढ वाढत जाते. या दोन गोष्टी मेंदूत वेगळ्या आहेत हे ध्यानात आलं की "मजा येत नाही तरी उघडतो" या वाक्यात काही खोटं उरत नाही. तुमचा भाऊ त्याच्या मेंदूत जे चाललंय ते जसंच्या तसं सांगतोय.

एक विचारायचं आहे. बाबांचा तो हात संध्याकाळीच थरथरायचा का, दारू प्यायच्या आधी?

---

जुना नाशिककर | मंगळवार, संध्याकाळी ५:४०

मॅडम, तुमचा आदर राखून लिहितो. उंदीर, माकडं वाचली. पण सगळं मेंदूवर ढकललं तर माणसाकडे काय उरलं? मी स्वतः पंधरा वर्षं तंबाखू मळली. नातू झाला त्या दिवशी चुन्याची डबी आणि पुडी दोन्ही घंटागाडीत टाकली, परत हात लावला नाही. कुठला मेंदू आड आला नाही.

आणि माझा मेहुणा. मटक्यापायी पंचवटीतली वडिलोपार्जित खोली विकली. बहिणीने तीन वेळा त्याला सोडवलं, तीन वेळा तो परत गेला. तिने आता काय करायचं, त्याच्या मेंदूचे फोटो बघत बसायचं? तिच्या मेंदूला काय झालं असेल ते कोण लिहिणार?

---

आजचा दिवस | मंगळवार, रात्री ९:१५

काका, तुमच्या बहिणीला माझा नमस्कार सांगा. माझी बायको त्याच जागी होती, त्यामुळे तुमचा राग मला परका नाही.

मला मेंदूचं हे सगळं चौथ्या महिन्यात एका समुपदेशकाने सांगितलं. ऐकून मोकळा झालो असं नाही. उलट आता काय करायचं ते समजलं. तोवर मी रोज सकाळी शपथ घ्यायचो आणि संध्याकाळी मोडायचो, आणि प्रत्येक मोडलेल्या शपथेनंतर मला वाटायचं आपण माणूसच हलका आहोत. मग त्या लाजेवर प्यायचो. आजार आहे म्हटल्यावर मी आजाऱ्यासारखा वागलो. रस्ता बदलला, पगार बायकोच्या खात्यात वळवला, दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जाऊ लागलो. ज्यांचे पैसे बुडवले होते त्यांची वहीत यादी केली. सत्तावीस नावं. शेवटचं नाव सहाव्या वर्षी खोडलं.

पण एक प्रसंग सांगतो. सोबर होऊन तिसरं वर्ष चालू. ओझरला लग्नाला गेलो होतो. मांडवाच्या मागे कुणीतरी सोड्याची बाटली उघडली. फस्स. माझी पाठ होती, मी काही बघितलं नाही. तोंडाला पाणी सुटलं. म्हणायचं म्हणून म्हणत नाही, खरोखर लाळ आली, आणि उजवा हात वरच्या खिशाकडे गेला, जिथे मी पूर्वी नोटा ठेवायचो. विचार नंतर आला. हात आधी गेला. बायकोला म्हटलं चल, आणि अक्षता पडायच्या आत आम्ही स्टँडवर होतो.

पाथर्डी फाटा, तुमच्या भावाचा अंगठा वाचला तेव्हा मला तो हात आठवला.

---

निशिगंध | मंगळवार, रात्री ११:३०

'आजचा दिवस', हा प्रसंग मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगितला तर चालेल का? हात आधी आणि विचार नंतर, हेच त्यांना समजावताना माझी दमछाक होते. सुरुवातीला माणूस ठरवून पितो, ठरवून खेळतो. वारंवार झाल्यावर कारभार मेंदूतल्या सवयीच्या भागाकडे जातो. रोजच्या रस्त्याने गाडी चालवत घरी पोचतो आणि मधला सिग्नल आठवत नाही, तो भाग. आवाज, वास, वेळ, जागा यांच्या आठवणी त्याला जोडलेल्या असतात. आणि "थांब" म्हणणारा कपाळामागचा भाग नेमका याच काळात दुबळा पडतो. नोरा वोल्कोव्ह या संशोधक बाईंनी मेंदूच्या चित्रणातून दाखवलं की बराच काळ व्यसन असलेल्यांच्या मेंदूत डोपामिन झेलणाऱ्या काही जागा कमी झालेल्या असतात आणि त्याबरोबर या पुढच्या भागाचं कामही मंदावलेलं असतं. म्हणून घरचं जेवण, मुलीचं बोबडं बोलणं, असल्या साध्या गोष्टी फिक्या पडतात. बाप मुलीवर प्रेम करत नाही असा याचा अर्थ नाही.

काका, तुम्ही डबी टाकलीत ते मोठंच काम आहे. पण सगळ्यांचे मेंदू एकाच मापाचे नसतात. दारूच्या व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा धरतात. पाथर्डी फाटा, तुमच्या बाबांना ते होतं आणि भावाने दारू टाळूनही ओढ दुसरीकडून आली, त्यामागे हेही असू शकतं. उरलेला निम्मा आजूबाजूच्या परिस्थितीचा. व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकन सैनिकांत हेरॉइनचं व्यसन खूप पसरलं होतं. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी परत आलेल्यांचा पाठपुरावा केला. तिथे व्यसनी झालेल्यांपैकी शंभरातले जेमतेम पाच जण घरी आल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले. जागा बदलली, सोबत बदलली, ती बाटली उघडल्याचा आवाज मागे राहिला. तेव्हा "सगळं मेंदूवर ढकलणं" म्हणजे हात झटकणं नाही. मेंदू परिस्थितीतून शिकतो, आणि परिस्थिती आपण हलवू शकतो.

बहिणीबद्दल तुम्ही विचारलंत ते रास्त आहे. सततच्या धास्तीने घरच्यांची झोप, भूक, रक्तदाब सगळं बिघडतं. त्यांनी उपचार घ्यायला पेशंट तयार होण्याची वाट बघायची नसते. अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंगा खास घरच्यांसाठीच असतात. आणि त्याचं कर्ज न फेडणं, खोटं न बोलणं, हे त्यांनी कठोर होणं नाही, उपचाराचाच भाग आहे.

मटका निघाला म्हणून आणखी एक. ओपन, म्हणजे पहिला आकडा, लागला आणि क्लोज, म्हणजे दुसरा, एका आकड्याने हुकला, की माणूस म्हणतो "जवळ आलो होतो". प्रत्यक्षात तो हरलेला असतो. केंब्रिजच्या संशोधकांनी २००९ मध्ये स्कॅन करून बघितलं, तर असं थोडक्यात हुकणं मेंदूच्या त्याच केंद्राला जिंकल्यासारखंच चेतवतं. जिंकणं कधी येईल याचा नेम नसणं, आणि हुकणं जिंकल्यासारखं भासणं, या दोन गोष्टींवर मोबाइलवरचे हे खेळ उभे केलेले असतात. दारू कुणी रात्री दोन वाजता नोटिफिकेशन पाठवून पाजत नाही, हे पाजतात. २०१३ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने जुगाराला दारू-गर्दच्या शेजारी, व्यसनांच्या प्रकरणात जागा दिली ती उगीच नाही.

---

पाथर्डी फाटा | बुधवार, सकाळी ७:१०

मॅडम, हो. हात प्यायच्या आधीच थरथरायचा. पिऊन आले की स्थिर. लहानपणी मला वाटायचं दारू म्हणजे त्यांचं औषध आहे.

तुमच्या प्रश्नावरून २००३ सालचं आठवलं, आजवर घरातही कुणी यावर बोललेलं नाही. मायको सर्कलजवळ बाबा स्कूटरवरून पडले, मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात दाखल केलं. रोज किती पितात असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आई म्हणाली, सणासुदीला. लाजेने म्हणाली. मी शेजारी उभा होतो, दहावीत. मीही गप्प बसलो.

तिसऱ्या रात्री मी खाली सतरंजीवर झोपलो होतो. जाग आली तर बाबा चादरीवरून चिमटीने काहीतरी उचलत होते आणि कॉटच्या खाली टाकत होते. "मुंग्या बघ किती." एकही मुंगी नव्हती. अंग घामाने ओलं, हात पाय थडथडत होते, मला त्यांनी त्यांच्या मेलेल्या भावाच्या नावाने हाक मारली. काका धावत आले, म्हणाले बाहेरचं आहे, अंगारा आणतो. रात्रपाळीच्या सिस्टरनी फक्त त्यांच्या हाताकडे बघितलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "खरं सांग बाळा, रोज पितात का?" मी सांगितलं. त्यानंतर सलाइन, इंजेक्शनं, पळापळ. वाचले.

ते काय होतं? दारू तर तीन दिवस बंद होती.

---

निशिगंध | बुधवार, दुपारी १:४५

दारू बंद होती म्हणूनच ते झालं. दारू मेंदूचा ब्रेक दाबते. मेंदूला काम चालू ठेवायचं असतं, म्हणून तो वर्षानुवर्षं अ‍ॅक्सिलरेटर जास्त जास्त दाबायला शिकतो. संध्याकाळपर्यंत दारू उतरायची, ब्रेक ढिला पडायचा, म्हणून बशी वाजायची. दवाखान्यात ब्रेक एकदम सुटला. फिट येणं, नसलेले किडे-मुंग्या दिसणं, माणसं न ओळखणं हे साधारण पहिल्या ते चौथ्या दिवसात होतं, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. सोबत बऱ्याचदा ब-१ जीवनसत्त्वाची कमतरता असते, त्याने स्मरणशक्तीचं कायमचं नुकसान होऊ शकतं. तुमच्या बाबांचा जीव त्या सिस्टरनी वाचवला आणि खरं सांगून तुम्हीही. दहावीतल्या मुलाला ते सोपं नव्हतं.

धागा वाचणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने सांगते, रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला खोलीत कोंडून दारू तोडायला लावू नका. ऑपरेशन असो, अपघात असो, डॉक्टरांना दारूचं खरं प्रमाण सांगा.

जुगार सोडताना असली फिट येत नाही, हा दोन्ही व्यसनांतला मोठा फरक. झोप उडते, चिडचिड होते, जेवण जात नाही. पण तिथे धोका वेगळा आहे. कर्ज बाहेर पडल्यानंतरचे दिवस फार वाईट असतात. भावाला सरळ विचारा, जीव नकोसा वाटतो का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, कोणत्याही वेळी.

---

बागाईतदार | बुधवार, रात्री ८:३०

निफाड तालुक्यातून लिहितोय. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडीच्या कारखान्यावर छापा टाकला, तेव्हा आम्ही पेपर वाचून चकित झालो. माझ्या घरात मात्र ती पुडी त्याच्याही आधी पोचली होती. पुतण्या तेव्हा सतराचा, शिकायला नाशकात खोली करून दिली होती. आज चौदा महिने झाले, बंद आहे. पण पोर विझल्यासारखं आहे. सकाळी उठवलं तर उठतो, दिलं ते खातो, ट्रॅक्टरवर बसायची केवढी हौस होती, आता चावी दिली तरी हातात धरून उभा राहतो. हे कायमचं आहे का? एवढंच विचारायला खातं उघडलं.

---

निशिगंध | बुधवार, रात्री १०:१०

दादा, कायमचं आहे असं समजू नका. एमडी डोपामिन आणि सेरोटोनिन एकदम भसकन ओतायला लावतं, त्यामुळे नंतरची पोकळी मोठी असते. त्याच्याच जातकुळीतल्या मेथॲम्फेटामिनवर वोल्कोव्ह यांनी अभ्यास केला होता. सोडून काही महिनेच झालेल्यांच्या मेंदूत डोपामिनशी जोडलेली काही प्रथिनं घटलेली दिसली. त्याच माणसांना बारा ते सतरा महिन्यांच्या संयमानंतर पुन्हा तपासलं, तेव्हा ती बरीच भरून आली होती. हालचाल, स्मरण यांची कामगिरी मात्र तेवढ्या वेगाने सुधारली नव्हती. म्हणजे पुतण्या अजून वाटेत आहे. उदासीचा वेगळा उपचार लागतोय का हे एकदा डॉक्टरांना दाखवा.

सतरावं वर्ष महत्त्वाचं. त्या वयात मेंदू न वापरलेल्या जोडण्या काढून टाकत असतो, आणि आवरणारा पुढचा भाग पंचविशीच्या आसपास पुरा होतो. ओढीचं इंजिन आधी तयार होतं, ब्रेक मागून येतो.

---

बागाईतदार | बुधवार, रात्री १०:४०

समजलं मॅडम. आमच्याकडे ऑक्टोबरात गोडी छाटणी करतो. काडीवर किती डोळे ठेवायचे ते हातात असतं, पण छाटणी झाल्यावर नुसती लाकडं दिसतात. नवखा माणूस बाग गेली म्हणतो. आठ-दहा दिवसांत डोळे फुगतात. उद्यापासून त्याला चावी देत नाही, मी चालवतो, त्याला शेजारी बसवतो.

---

अबोली | गुरुवार, दुपारी ३:२०

विषय थोडा वेगळा. सासूबाईंना चाळीस वर्षं मशेरीची सवय, सकाळी दात घासण्याच्या नावाखाली तीन वेळा. आणि मुलगा चौदाचा, रील्स आणि गेम. दोघांना एकाच मापाने मोजायचं का?

---

निशिगंध | गुरुवार, संध्याकाळी ६:००

नाही, अबोलीताई. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं, ते खरं व्यसन आहे आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोकाही आहे. दर महिन्याला त्यांच्या तोंडात उजेड धरून चट्टा दिसतो का बघा.

मुलाच्या बाबतीत घाई नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीत जुगार आणि गेमिंग आहेत, रील्स नाहीत. गेमिंगचंही निदान करताना आवर सुटलाय का, बाकी सगळं मागे पडलंय का, नुकसान दिसत असूनही चालूच आहे का, आणि हे साधारण वर्षभर टिकलंय का, हे बघतात. सुट्टीत पाच तास खेळणारा, पण मित्रांनी हाक मारली की बॅट घेऊन पळणारा मुलगा व्यसनी नसतो. फोन रात्री त्याच्या खोलीबाहेर ठेवा, तुमचाही.

---

जुना नाशिककर | गुरुवार, रात्री १०:५५

दोन दिवस धागा वाचतोय. आज बहिणीकडे जाऊन आलो. तिला विचारलं तू झोपतेस का. चार वर्षांत मी हे विचारलं नव्हतं. बराच वेळ रडली.

मॅडम, व्यसनमुक्तीचा एक सरकारी नंबर आहे म्हणतात, १४४४६. तिथे मटक्यासाठीही बोलतात का, की फक्त दारूसाठी? आणि पुण्याच्या मुक्तांगणात जुगारवाल्यांना घेतात का?

---

निशिगंध | शुक्रवार, सकाळी ८:१५

काका, १४४४६ मुख्यतः नशेच्या पदार्थांसाठी आहे. मटक्यासाठी १४४१६ वर आधी बोला. मुक्तांगण १९८६ पासून काम करतंय, जुगारासाठी काय सोय आहे ते त्यांना फोन करूनच विचारा. पण पहिलं पाऊल जवळचं असू द्या. कोणत्याही मानसोपचारतज्ज्ञाकडे मेहुण्यांना न्या, ते येत नसतील तर बहिणीला न्या. नालट्रेक्सोन नावाचं दारू आणि अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात वापरलं जाणारं एक औषध जुगाराच्या काही पेशंटनाही उपयोगी पडतं, ते द्यायचं की नाही हे तपासून डॉक्टर ठरवतील.

---

पाथर्डी फाटा | सहा आठवड्यांनंतर, रविवार, रात्री १२:३५

धागा वर काढतोय, सांगायचं राहून गेलं होतं.

भावाला मी मॅडमनी सांगितलं तसं सरळ विचारलं होतं. तो म्हणाला, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी होळकर पुलावर जाऊन उभा होतो. इतकंच. मी रात्रभर त्याच्या शेजारी बसून होतो, सकाळी डॉक्टरकडे नेलं. आता औषध चालू आहे, आठवड्याला समुपदेशन आहे. साधा बटणांचा फोन दिलाय. पगार बायकोच्या खात्यात, कर्जवाल्यांशी मी बोलतो. मधे एकदा घसरला, मित्राच्या फोनवर, साडेतीन हजार. स्वतः येऊन सांगितलं. काकांनी आवाज चढवला, आईने त्यांना थांबवलं. आईला मी हा धागा वाचून दाखवला होता. बशीचं आलं तेव्हा तिने डोळे पुसले आणि म्हणाली, पुढे वाच.

दुसरी पाळी सुटली की तो साडेअकराला घरी येतो. तीच त्याची खेळायची वेळ होती, सगळे झोपलेले. म्हणून आता मी जागा राहतो. तो आला की आम्ही दोघं चालायला निघतो, फाट्यापर्यंत आणि परत. फार बोलत नाही. पहिल्या आठवड्यांत त्याचा अंगठा चालताना सुद्धा सरकत असायचा. आज परत येताना त्याच्या हातात मुलीची रबराची बाहुली होती, डब्याच्या पिशवीत तिने टाकून दिलेली. अख्खा रस्ता तो तिचा हात वरखाली करत होता. आत्ताच आलोय, तो झोपायला गेला.